वाघदेव वरच राहिला

दरड कोसळली आणि डोंगरावरची अर्धी ठाकरवाडी मातीखाली गेली. वाघदेवाचा दगड तेवढा जागचा हलला नाही. उरलेल्यांना खाली रस्त्यालगत पत्र्याच्या खोल्या मिळाल्या. वाडी हलली की देवही हलवायचा, अशी रीत. म्हणून म्हातारा भगत गोमा कोंबडा काखेत मारून वर निघाला.

वाटेत वाडीतली आवडी भेटली, तिने हटकले. तिचा मुलगा अजून मातीतच होता.

"कुटं निगालास रं, गोमादादा?"

"देवाला खाली आणतो. आपल्याला राखण नको?"

"केली तेवढी राखण लय झाली. आता ऱ्हाऊ दे त्याला तितंच. माजं पोर एकलं हाय वर."

गोमाने डोके खाजवले. देवाला राहा म्हणून सांगायलाही कोंबडा लागतोच. तो पुन्हा चढू लागला. आवडी मागून निघाली.