मी नेमकी कुठली?

मित्रांनो, मी एक जुनी तलवार आहे. कुठली, ते मात्र विचारू नका. सध्या माझाच पुरता गोंधळ उडाला आहे.

जन्म आठवतो. भट्टीची धग, घणाचे घाव आणि लोहाराचा खोकला. मी आता ज्यांच्या घरी असते, त्या दादांच्या पणजोबांनी त्याला आपल्या गावातच मला घडवायला सांगितलं होतं. गावाचं नाव मी कधी ऐकलं नाही. स्वतःच्या गावात बसून गावाचं नाव कोण घेतं? पुढे पणजोबा मुलूख सोडून निघाले. वाटेत मूठ मोडली, ती बदलली. म्यान हरवलं, दुसरं घेतलं. सगळा प्रवास मी म्यानात बसून केला, त्यामुळे दिसलं काहीच नाही.

आता या घरात नव्वदीचे दादा आणि त्यांची धाकटी बहीण राहतात. तिला सगळे आत्या म्हणतात. आत्यांनी माझी फार बडदास्त ठेवली. चाळीस वर्षं दर महिन्याला लिंबू आणि राख घेऊन मला घासायच्या. पाहुणे म्हणायचे, "काय लखलखते हो!" आणि मी फुशारून जायचे.

यंदा दादा अंथरुणाला खिळले आणि त्यांनी एकच धोशा लावला. "आपण मूळचे कुठले गं? जायच्या आधी एवढं कळू दे."

घरात जुना कागद एकही नव्हता. होते ती मीच. आत्यांनी मला चादरीत गुंडाळलं आणि संग्रहालयातल्या शस्त्रांच्या जाणकारांकडे नेलं.

त्यांनी भिंग लावलं. "मूठ किनाऱ्याकडची."

चला, मी किनाऱ्याकडची! मला बरं वाटलं.

"पण ती नंतर बसवलेली आहे. म्यान सपाटीवरचं, तेही दुसऱ्याच तलवारीचं. पात्याचा बाक डोंगराकडचा वाटतो, पण असा बाक किनाऱ्यावरचे लोहारही द्यायचे."

एक ना धड, भाराभर चिंध्या! मी होते तरी कोण?

"काळजी करू नका, काकू. मुठीजवळ लोहाराची खूण असते. ती दिसली की गावच सांगतो." त्यांनी मला उजेडात तिरकं धरलं आणि बोट फिरवलं. "इथे होती. घासून गेली. इतकं कोणी घासलं हो?"

आत्यांनी त्याच जागी बोट ठेवलं. "मीच. मला तो डाग वाटायचा." मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे आमचं गाव मीच घासून टाकलं."

मला फार वाईट वाटलं. घासून घेताना मीही खूश असायचे ना!

घरी दादा वाटच पाहत होते. "कळलं का गं?"

आत्या जन्मात कधी खोटं बोलल्या नव्हत्या. स्वतःचं वयसुद्धा खरं सांगायच्या. मला छातीशी धरून त्या म्हणाल्या, "कळलं, दादा. डोंगराकडचे आपण."

"वाटलंच मला!" दादा हसले. "उगाच नाही मला थंडी बाधत!" आणि कित्येक दिवसांनी ते शांत झोपले.

मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली तर डाग दिसला म्हणून लगेच घासू नका. तो डाग नसेलही. आधी जाणत्या माणसाला दाखवा. आणि कधी आमच्या घरी आलात, दादांनी माझ्याबद्दल विचारलं, तर मी डोंगराकडची आहे, असंच सांगा.