हितेंद्रच्या नावाची मूठ

जळगावहून धुळ्याकडे निघालेल्या बसमध्ये हितेंद्रला खिडकीची जागा मिळाली होती, पण तिचा त्याला काडीचा उपयोग नव्हता. एरंडोल गेलं, पारोळं गेलं, दोन्ही अंगांना कपाशी उभी होती. त्याला मात्र घरची ओसरी दिसत होती. ओसरीत गव्हाची पाटी मांडलेली, वडील, म्हणजे आबा, समोर बसून एकेक नाव घेतायत. त्याच्या नावाची पाळी आली की चित्र बंद पडायचं. गाडी धुळ्याजवळ येईतो त्याने ते चित्र किती वेळा पाहिलं असेल, देव जाणे.

ज्यांचं खानदेशात कोणी नाही त्यांना एवढं सांगायला हवं की श्रावणात, नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी, आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला नथ घालायची, लुगडं नेसवायचं, चौरंगावर बसवायचं, आणि सोमवारी वाजतगाजत नदीला पोचवायचं. हे झालं लोकांना दिसणारं. खरी कानबाई असते ती रोटांत. आदल्या दिवशी भाऊबंदकीतल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजायचा. पाळण्यातलं पोर असलं तरी त्याची मूठ निघते. तो गहू दळून त्याचे जाड रोट करायचे आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही, टाकायचा तर मुळीच नाही. ताटात घेतलेला रोट तर उठण्याआधी संपलाच पाहिजे. लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा तो मिळत नाही, कारण ती आता दुसऱ्या कुळाची.

आणि हितेंद्र झाला होता ख्रिस्ती.

झाला म्हणजे त्याला कोणी फूस लावून नेलं नव्हतं, गावात तशी बोलवा होती तरी. जळगावात मेहरूणला खोली घेऊन शिकत असताना त्याला डेंग्यूने गाठलं. घरी कळवलं तर आबा पेरणी टाकून धावत येतील म्हणून त्याने कळवलं नाही. तेव्हा शेजारच्या खोलीतली दोन पोरं त्याच्या उशाशी बसली, रात्री जागली, त्याचे कपडे धुतले, आणि धर्माचं अक्षर त्यांनी काढलं नाही. बरा झाल्यावर हाच त्यांच्यामागे चर्चमध्ये गेला. पुढे बाप्तिस्मा झाला, आणि आता तिथल्या तरुण संघाचा सेवक म्हणून तो काम बघत होता. दर रविवारी उपासना झाली की पोरापोरींना घेऊन एका मोठ्या दवाखान्यासमोर जायचं, बाहेरगावच्या पेशंटच्या नातेवाइकांना खिचडी वाढायची, कुणाला रक्त हवं असेल तर धावाधाव करायची. पोरं त्याचा शब्द खाली पडू देत नसत. हे सुख होतं तसं ओझंही होतं.

संघात हेमांगी नावाची एक मुलगी होती. तिने एकदा विचारलं होतं, "दादा, शेजारच्या काकू गणपतीचा प्रसाद आणून देतात. घ्यायचा की नाही?" हितेंद्रने क्षणभरही विचार न करता सांगितलं होतं, "प्रेमाने नको म्हणायचं. एकदा मन राखायला हो म्हटलं की आपल्या नकोला पुढे किंमत राहत नाही." पोरीने ऐकलं. काकूंनी येणं सोडलं. हेमांगीने ते सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरले होते आणि हितेंद्रने तिला धीराच्या चार गोष्टी ऐकवल्या होत्या. दुसऱ्याच्या काकूंच्या बाबतीत धीर द्यायला काय लागतं.

आता गाठ स्वतःच्या बापाशी होती. गेल्या वर्षी भाऊबंदकीत सुतक होतं, कानबाई बसलीच नाही, म्हणून हा प्रश्न टळला होता. यंदा कानबाई बसवायचा मान त्यांच्याच घराला होता. थोरले चुलते झुलालनाना भाऊबंदकीत वडीलधारे. पोराच्या मुठीवरून ते भर ओसरीत आबांना बोलणार, आणि आबा खाली मान घालून ऐकून घेणार, हे हितेंद्रला दिसत होतं. तेव्हा बापाला त्या अपमानातून सोडवायचं म्हणून त्याने शुक्रवारी फोन केला. फोन आईने घेतला.

"माय, आबाले सांग, यंदा मन्ही मूठ धरू नका."

पलीकडून लताबाई, त्याची आई, एवढंच म्हणाल्या, "आसं नको बोलू, भाऊ." आणि फोन बंद झाला.

आपण मोठं समजूतदारपणाचं काम केलं असं वाटून हितेंद्र त्या रात्री बरा झोपला. शनिवारी सकाळी दाढी करता करता त्याच्या ध्यानात आलं की आपण काय बोलून बसलो. मूठ एकदा धरायला लागले की ती थांबते एकदाच, माणूस गेल्यावर. आजोबांची थांबली तेव्हा आबा पाटीपुढे बसून हमसून रडले होते, ते त्याने लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. जिवंत माणसाने स्वतःच फोन करून आपल्याला गेलेल्यांत धरा म्हणून कळवावं, असं त्या गावात कधी झालं नव्हतं. त्याने अर्धी दाढी तशीच ठेवून फोन लावला. कोणी उचलला नाही. मग त्याने चर्चच्या पाळकांना रविवारी येत नसल्याचं सांगितलं आणि बसस्टँड गाठला.

गावी पोचला तर घराच्या दाराशीच त्याला बहीण भेटली. कामिनी पाचोऱ्याला दिलेली, सणाच्या कामाला आली होती. तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि दबक्या आवाजात झापायला सुरुवात केली.

"काय बोलना तू मायले? आबा सकायपाईन पाटीम्होरे बठेल शेतस. बठ्ठास्न्या मुठी मोजाई गयात, तुन्हा नाववर उनात आनि थांबी गयात. चक्कीवाला तोतारामना दोनदाव निरोप उना. तो चक्की धुई पुशी बठेल शे."

"मी नानास्ना वाद नको म्हनीसन सांगं, ताई."

"मन्हं लगीन व्हयनं तवयपाईन मन्हा रोट बंद," कामिनी म्हणाली. "मले कोनी इचारं नही, पाहिजे का नको. तुले इचारतस, तर तूच नको म्हनस." एवढं बोलून ती आत निघून गेली. तिला रागावता आलं, याचाच हितेंद्रला जरा आधार वाटला.

ओसरीत भाऊबंद बसले होते. खाटेवर झुलालनाना. पाटीपुढे आबा, म्हणजे कौतिकभाऊ, भिंतीला न टेकता ताठ बसलेले. हिवाळ्यात पोटाचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना अर्धी भाकर जड जायची, आणि बंडीतून खांद्याची हाडं दिसत होती. त्या वेळी दवाखान्यात त्यांच्याजवळ हितेंद्रच राहिला होता. रात्र सरत नसे तेव्हा तो त्यांना जळगावच्या पोरांच्या गोष्टी सांगायचा, हेमांगीचीही सांगितली होती. आबा ऐकायचे. पटलं की नाही, ते कधी बोलले नाहीत.

"कौतिक, पोऱ्या उना," नाना म्हणाले. "इचारी ले आते. ज्यानी कुळना देव सोडा, त्यानी मूठ कसाले? मूठ धरी तर रोट खावाले पाहिजे. हाऊ खावाव नही. मंग तो रोट कोनाले देशी?"

नानांचं बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं, आणि हितेंद्रची अडचण तीच होती. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. आबांनीही वर पाहिलं.

"हितू, खाशी का तू?"

दुसरं काही त्यांनी विचारलं नाही. रागावले असते तर बरं, असं हितेंद्रला वाटलं. दुसऱ्यांसाठी तो रोज प्रार्थना करायचा, शब्द कधी अडले नव्हते; आता 'प्रभू' म्हणून झालं आणि पुढे काही सुचेना. आईबापाचा मान राखायचा, हे त्याने पोरांना शिकवलं होतं. नैवेद्याचं खायचं नाही, हेही त्यानेच शिकवलं होतं. दोन्ही एकाच ताटात समोर येतील, हे मात्र त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. हो म्हटलं तर उद्या हेमांगीपुढे कुठल्या तोंडाने उभं राहायचं? आणि नाही म्हटलं तर या म्हाताऱ्याच्या मुठीचं काय करायचं?

"नही, आबा," तो म्हणाला. "मी खावाव नही. पन फोनवर बोलनू ते मी चुकनू. मी तुम्हनाच पोऱ्या शे. मूठ धरा म्हनाना मले हक नही, ते मले समजस. पन धरू नका, आसं मी पुन्हा म्हनाव नही."

"आसं दोन्हीकडे पाय ठेईसन चालस का?" नाना म्हणाले.

आत भांडी घासण्याचा आवाज थांबला, म्हणजे बायकाही ऐकत होत्या. आबांनी पाटीशेजारच्या पोत्यात हात घातला. मूठ भरली, पाटीत सोडली. मग वरच्या पाव मुठीचा गहू चिमटीने नीट जमवून सोडला.

"हितेंद्र कौतिक," त्यांनी नाव घेतलं, बाकीच्यांचं घेतलं होतं तसंच. आणि नानांकडे न बघता म्हणाले, "खावानं काय ते मी दखी लिसू." पाटी उचलून त्यांनी चक्कीवर पाठवून दिली.

रविवारी कानबाई बसली. हितेंद्रने सकाळपासून पाणी भरलं, चुलीसाठी लाकडं फोडली, दर्शनाला येणाऱ्यांच्या चपला बाजूला लावल्या, जे जमेल ते सगळं केलं. चौरंगाच्या खोलीत तो गेला नाही आणि त्याला कोणी बोलावलंही नाही. दुपारी हेमांगीचा मेसेज आला, खिचडी वाटून झाली, कमी पडली नाही. त्याने बरं म्हणून कळवलं. काल ओसरीत त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं, ते आता राहिलं नव्हतं. मी दखी लिसू, मी बघून घेईन, म्हणजे आबा काय करणार, हे त्याला कळेना, आणि विचारायची छाती होईना.

मग पंगत बसली. रोट, लाल भोपळ्याची भाजी, खीर. पुरुषांच्या ओळीत आबा बसले आणि लताबाईंनी त्यांच्या ताटात दोन रोट ठेवले. जाडजूड, तळहाताएवढे. ताटाकडे बघून हितेंद्रला एकदम उमगलं, दुसरा रोट आपल्या नावाचा. तो मागच्या अंगणात निघाला तर कामिनीने त्याचा दंड धरला.

"पयू नको. बठ आठे."

भिंतीशी ती दोघं बसली, ताटाविना. आबांनी पहिला रोट खिरीत कुस्करून खाल्ला. एवढ्यानेच त्यांच्या कपाळावर घाम आला. दुसऱ्याला हात घालण्याआधी त्यांनी थोडा दम घेतला. बाकीची मंडळी हात धुऊन आली, कोणी बसलं, कोणी उभं राहिलं. आबा खातच होते. एक घास, घोटभर पाणी, डावा हात पोटावर. लताबाई वाकून म्हणाल्या, "धीरे खा, कोनी मांगे लागेल नही." नाना खाटेवरून बघत होते.

हितेंद्रला ते बघवेना. दवाखान्यात डॉक्टरांनी त्यालाच बजावलं होतं, एका वेळी थोडंच द्या. उद्या दुखायला लागलं तर? टाके आतून उसवले तर? कशाकशासाठी हे चाललंय आणि कुणामुळे? हेमांगीला सांगता येईल. पाळकांना सांगता येईल. शेवटी एक तुकडा उरला आणि आबांचा हात ताटात नुसता थांबून राहिला, तेव्हा तो उठला, पंगतीत जाऊन बापापुढे बसला आणि तुकड्याकडे हात नेला.

आबांनी डाव्या हाताने ताट अलीकडे ओढलं.

"तू काल नही म्हना ना?"

"आबा, तुम्हले तरास व्हस. द्या मले. मी खास."

"व्हवू दे तरास." आबा हळू बोलत होते, धाप लागली होती. "तठे पोरे तुन्हा शब्दवर चालतस. ती पोरगी तुन्हं ऐकीसन शेजारनीले तोडी बठनी. मन्हा येक तुकडाना करता तू तिन्हाम्होरे खोटा पडशी, ते मले चालाव नही." त्यांनी पुन्हा दम घेतला. "नाव मी लिधं. खावानं बी मन्हंच शे. मी शे तवलोंग मी खासू."

मी शे तवलोंग. मी आहे तोवर. हितेंद्रचा हात तसाच पुढे राहिला. आबांनी तो तुकडा खिरीत बुडवला, तोंडात घातला, आणि डोळे मिटून बराच वेळ चावत राहिले. मग त्यांनी बोटाने ताट पुसून चाटलं आणि उठायला आधार म्हणून पोराचा तोच हात धरला. आबांचा हात हितेंद्रला फार हलका लागला.