शेंदराखालची भेग

मी एक जुना काळा दगड आहे. पनवेलजवळच्या एका डोंगराच्या उतारावर माझी सगळी हयात गेली. आता मी पायथ्याशी, एका मोडलेल्या स्वयंपाकघरात पडून आहे. सांगायला लाज वाटते, पण मित्रांनो, हे घर मीच मोडलं.

माझा जन्म मोठ्या थाटात झाला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन फाटली आणि लांबच लांब भेगांमधून तापलेला लाव्हा वाहत आला. थरावर थर साचले, थंड झाले, त्यातलाच मी बेसॉल्ट. पुढे पावसाने आजूबाजूची माती नेली आणि मी उघडा पडलो. उन्हात तापायचो, गार झालो की आकसायचो. असं करता करता अंगाला बारीक चीर पडली. तिच्यात पाणी शिरलं, मग उंबराचं मूळ शिरलं. तुमच्या पुस्तकात याला विदारण म्हणतात. दगडाच्या जन्माला हे चालायचंच, त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं.

लाजण्यासारखं पुढे घडलं. खालच्या गावातल्या आगरी लोकांनी शेंदूर फासून माझी देवी केली. नारळ फुटू लागले, नवस बोलले जाऊ लागले आणि मी फुगलो. चीर रुंदावली तेव्हा गाव धास्तावलं, कारण भंगलेला देव पूजेला चालत नाही, तो पाण्यात सोडावा लागतो. मग दर चैत्रात जत्रेआधी सिमेंट कालवून चीर बुजवायची आणि वर शेंदराचा जाड थर द्यायचा, अशी रीतच पडली. मी आतून फुटत चाललोय हे मला ठाऊक होतं. पण नव्या शेंदरात मी झकास दिसायचो.

माझ्या बरोबर खाली ठमाबाईंचं घर. त्यांच्या सुनेचं नाव पूर्वी; ती माहेरची कामोठ्याची, शाळेत भूगोल शिकवणारी. यंदा गणपती झाल्यावर तिने त्या सिमेंटवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवली. भेग वाढली तर काच तडकणार होती. आठ दिवसांत ती तडकली. पूर्वीने हातोडीने सिमेंट फोडलं, तर तिचा हात कोपरापर्यंत आत गेला. सुनेने देवी भंगवली म्हणून गावभर बोंब झाली. तिने सासूला काही दिवस तरी घर सोडायला विनवलं.

"देवी हाय ती," ठमाबाई म्हणाल्या. "आपले लेकरांवर कशी परल?"

ते ऐकून मला बरं वाटलं. इतकं होऊनही ही बाई मला देवी म्हणते, एवढंच माझ्या मनात आलं. त्याची लाज मला आज सगळ्यात जास्त वाटते.

चार दिवसांनी, रविवारी भर दुपारी, मी सुटलो. आधी थोडे खडे घरंगळून पत्र्यावर वाजले. अंगणातली पूर्वी तशीच आत धावली आणि भाकऱ्या भाजणाऱ्या ठमाबाईंना तिने दाराबाहेर ढकललं. मी भिंत फोडून आत आलो. त्या भिंतीखाली पूर्वीचा उजवा हात चेंगरला.

गाव म्हणालं, देवीनेच राखलं. इथेच देऊळ बांधायचं ठरलं. गावातले वडीलधारे दादू शेंदराची वाटी घेऊन आले. हात गळ्यात बांधलेली पूर्वी बाजूला उभी होती, तिच्याकडे कुणी पाहीना. ज्या ठमाबाईंचा जीव मी घेणार होतो, त्यांना वाचवल्याचं श्रेय मलाच मिळत होतं. त्या क्षणी माझा भुगा झाला असता तर बरं झालं असतं.

ठमाबाईंनी दादूंच्या हातातली वाटी काढून घेतली.

"दगर हाय तो," त्या म्हणाल्या. "मना माझे सुनंनं राखली. तिचा हात कसा हाय, कुनी इचारलं का?"

मग दादू खाली मान घालून पूर्वीपाशी गेले आणि त्यांनी तिला हाताचं विचारलं.

मित्रांनो, तुमच्या घरावर डोंगर असेल तर त्याच्या भेगा रंगवू नका. त्या मोजा, मोठ्यांना दाखवा. आणि भेग दाखवणाऱ्या माणसावर रागावू नका. मी इतकी वर्षं गावाची पूजा खाल्ली, आणि माझ्यामुळे पूर्वीला अजून उजव्या हातात खडू धरता येत नाही.