यशयाचं मरण

योना मास्तरांनी पान उलटलं आणि यशयाला नदीत उतरवलं. पाणी छातीपर्यंत आलं होतं. डोक्यावर शुभवर्तमानाच्या प्रतींची पेटी, समोरच्या काठावर भाले घेऊन उभी असलेली माणसं. शाळेच्या बाकांवर बसलेले रेल्वेत नोकरीला असलेले लोक आणि त्यांच्या बायका ऐकत होत्या. यशया थांबला, पलीकडे हाक मारण्याआधी त्याने नेहमीसारखी डाव्या कानाची पाळी दोन बोटांनी चोळली.

ओसरीवर बसलेली बाई एकदम उठून उभी राहिली.

मास्तर आफ्रिकेला कधी गेले नव्हते. कर्जत स्टेशनामागच्या मिशनशाळेत ते शिकवत आणि तिकडच्या मिशनकार्यावर कादंबरी लिहीत. एका मासिकात तिचं एकेक प्रकरण छापून येई. पाठवण्याआधी रविवारी, प्रार्थना झाली की ते मंडळीला वाचून दाखवत. समुद्र त्यांनी मुंबईला पाहिला होता. जंगल त्यांनी घाटाखालचंच घेतलं होतं, फक्त त्यात सिंह सोडले होते.

ती बाई भिसेगावची चंद्राबाई. तिचा मुलगा नामा याच शाळेत शिकला, ख्रिस्ती झाला आणि सहा वर्षांपूर्वी एका पाद्र्यासोबत आगबोटीने आफ्रिकेतल्या मोंबाशाकडे गेला. एडनहून त्याची खुशाली कळली, पुढे काहीच नाही. त्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हाच बापाने, भिवाजीने, तो मेला असं धरून त्याच्या नावाने गवताचा पुतळा करून नदीवर जाळला होता. दहावं-तेरावंही केलं होतं. तेव्हापासून घरात त्याचं नाव निघत नव्हतं. बाजाराचं निमित्त करून चंद्राबाई शाळेत येई. आत मात्र कधी येत नसे.

त्या दिवशी सगळे गेल्यावर ती दारापाशी आली.

"कान चोळायची त्याची खोड. तुमाला कुनी सांगितली?"

पुढच्या बाकावरचा नामा, पाढा अडला की कानाला जाणारा त्याचा हात, हे सारं मास्तरांना त्या क्षणी आठवलं. लिहिताना आठवलं नव्हतं. ही माणसं मनाने रचलेली आहेत, यशया नावाचा कुणी नाही, असं त्यांनी तिला समजावून सांगितलं. तिने मान हलवली आणि विचारलं की तिकडे त्याला भात मिळतो का. मास्तर म्हणाले, मिळतो.

मग दर वेळी ती काहीतरी विचारी. आजारी पडला तर उशाशी कोण बसतं, रात्री अंगावर काय घेतो. मास्तर उत्तर देत आणि लिहायला बसले की ते उत्तर कादंबरीत उतरे. यशया नामासारखा चालू लागला, नामासारखा मान खाली घालून हसू लागला. रिकाम्या शाळेत लिहिताना मास्तरांना मागच्या बाकावर कुणी येऊन बसल्यासारखं वाटे. आधी ते वळून बघत. पुढे त्यांनी ते सोडलं.

मासिकाच्या संपादकांना यशयाचं हौतात्म्य हवं होतं. मास्तरांनी बरेच दिवस टाळलं, शेवटी लिहिलं. तापाने खंगलेला यशया ताडाच्या झावळ्यांच्या झोपडीत, प्रभूचं नाव घेत गेला. रविवारी वाचताना त्यांनी ओसरीकडे पाहिलं नाही. वाचून झाल्यावर पाहिलं, तर ओसरी रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दारात भिवाजी उभा होता. पोटऱ्यांना शेतातला चिखल होता. मास्तरांनी बसायला सांगितलं, तो उंबऱ्याबाहेरच राहिला.

"काल घरी आली ती डोक्यावरून अंगोळ करून," तो म्हणाला. "चूल पेटवली नाय. रडतबी नाय."

मास्तर गडबडीने म्हणाले की नामाची काहीच बातमी नाही, ही नुसती गोष्ट आहे, आपण आत्ता येऊन चंद्राबाईंना तसं सांगतो.

"गोष्ट हाय ते मला ठावं हाय."

तरी तो गेला नाही. चौकटीवर हात ठेवून उभा राहिला. मग खालच्या आवाजात बोलू लागला.

"आमी त्याचं दहावं केलं, तवा कावळा शिवला नाय. सांज होस्तवर नदीवर बसून होतो. भटजी म्हनले, कावळा करा गवताचा आन् शिववा. तसं केलं. जित्या मानसाच्या पिंडाला कावळा कसा शिवंल?"

घाटाकडे निघालेल्या मालगाडीला मागून इंजिन लावत होते. त्याचा दणका जमिनीतून शाळेपर्यंत आला आणि विरला.

"तुमच्या गोष्टीत," भिवाजी म्हणाला, "जाताना त्यानं कुनाचं नाव घेतलं?"

कागद मेजावरच होते. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"आईचं," ते म्हणाले.

भिवाजीने मान डोलावली. तळहात धोतराला पुसला, पुन्हा पुसला.

"माझं नाय?"

मास्तरांनी दौत जवळ ओढली. हे पान अजून पाठवायचं आहे, ते म्हणाले, आत येऊन बसा. भिवाजीने उंबरा ओलांडला. बाकावर न बसता तो भिंतीला टेकून जमिनीवर बसला आणि टाक कागदावर टेकेपर्यंत वाट पाहत राहिला.

"नाव नका घालू," तो म्हणाला. "बाप म्हना नुसतं."