बांधावरचं लाल फडकं

मी एक जुना, पाठीवर बसणारा फवारणीचा पंप आहे. माझी टाकी एके काळी पिवळीधमक होती, आता उन्हाने फिकट झाली आहे. मित्रांनो, रेवसच्या धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत रावजींचं शेत आहे. तिथल्या खळ्यात, जांभळीला ठोकलेल्या खुंटीवर मी टांगलेला असतो.

नवा होतो तेव्हा माझा केवढा थाट! बाळाला पाठुंगळी घ्यावं तसं रावजी मला अलगद पाठीवर घ्यायचे. काम झालं की आतून-बाहेरून धुऊन सावलीत ठेवायचे. "माझा पंप म्हंजे राजा हाय राजा," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. पुढे माझा दांडा कुरकुरू लागला, नळीच्या जोडातला वायसर झिजला आणि मी गळू लागलो. आज आणू, उद्या आणू, करता करता नवा वायसर काही आला नाही.

भात कापून झालं की आमच्याकडे वाल पेरतात. यंदा वालाच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा बसला. एवढासा किडा, पण रस शोषून शोषून वेल आकसून टाकतो. म्हणून रावजींनी त्या सकाळी माझ्यात आंतरप्रवाही औषध भरलं. हे औषध नुसतं पानावर बसून राहत नाही. ते झाडात शिरतं, रसाबरोबर शेंगेपर्यंत जातं. रस पिणारा मावा त्यानेच मरतो. पण म्हणूनच ते पाण्याने धुऊन जात नाही. डब्यावर लिहिलेले दिवस उलटेपर्यंत त्या शेंगेला हात लावायचा नसतो.

आमच्या गावात त्यासाठी एक रीत आहे. फवारलेल्या शेताच्या बांधावर काठी रोवायची आणि तिला लाल फडकं बांधायचं. फडकं दिसलं की गुरंसुद्धा कुणी तिकडे सोडत नाही. आणि फडकं नसलं, तर पोपटीसाठी, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायला, शेजाऱ्याच्या शेतातल्या शेंगा तोडताना कुणी कुणाला विचारत नाही.

फवारता फवारता मी रावजींच्या पाठीवर गळलो. त्यांनी बांधावर आधीच रोवलेल्या काठीचं फडकं सोडलं आणि माझ्या जोडाला गच्च आवळलं. काम संपल्यावर ते परत काठीला बांधायचं होतं. तेवढ्यात फोन वाजला. मुलगी कोकिळा छोट्या नलूला घेऊन मुंबईहून लाँचमध्ये बसली होती. रावजींनी मला खुंटीला टांगलं, घाईघाईत अंघोळ केली आणि धक्क्यावर गेले. फडकं माझ्याच गळ्यात राहिलं.

दुपार कलली तसा शेजारचा चंदर टोपली घेऊन आला. बांधावर उघडी काठी बघून तो सरळ शेतात शिरला. मी नुसता बघत होतो, मित्रांनो. मला तोंड असतं तर!

मग खळ्यात येऊन त्याने शेंगा धुतल्या. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, बटाटे, अंडी भरली, मडकं उपडं घातलं आणि भोवती पेंढा पेटवला. रावजी कोकिळा आणि नलूला घेऊन आले तेव्हा खमंग वास सुटला होता.

"नात आलीय मुंबयवरून," चंदर म्हणाला. "तिला काय वडापाव घालायचा? बस गो बाय, पान घे."

नलू केळीचं पान मांडून बसली. मग उठली. रिकाम्या टोपलीच्या तळाशी तिला एक कच्ची शेंग सापडली. तिने ती फ्रॉकला पुसली. माझ्या टाकीत उरलेलं औषध जणू गोठलं.

"कोकिळे, हात भाजतोय गो!" मडकं उचलताना चंदर म्हणाला. "पंपाचं ते फडकं सोड नि दे हिकडं."

कोकिळाने गाठ सोडली. मी थेंब थेंब गळू लागलो. त्या उग्र वासाने तिने हात मागे घेतला.

"बाबा, हे बांधावरचं फडकं ना? हे इथं कसं?"

रावजींनी मडक्याकडे पाहिलं. "चंदर, शेंगा कुठल्या रं?"

"तुझ्याच. फडकं न्हवतं म्हनून तोडल्या. चांगल्या धुतल्यात की."

"धुवून काय व्हतंय! औषध आत हाय, आत!"

कोकिळा वळली. शेंग नलूच्या दातांत होती.

तिने झडप घालून ती काढली. वर दातांची खूण, आत दाणे तसेच. तरी ती थांबली नाही. आधी स्वतःचे हात साबणाने धुतले, मग नलूला चूळ भरायला लावली, फ्रॉक बदलला. औषधाचा डबा पिशवीत घालून सगळे रिक्षाने डॉक्टरांकडे निघाले. चंदरने ते मडकं तसंच खोल खड्ड्यात पुरलं आणि गुडघ्यांत डोकं घालून बसून राहिला. मी थेंब थेंब गळत वाटेकडे बघत होतो. तेवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

अंधारताना रिक्षा परत आली. आतून आवाज आला, "आजोबा, माझी पोपटी कुठाय?"

चंदर तेव्हा रडला.

दुसऱ्या दिवशी मला नवा वायसर मिळाला आणि बांधावर फडकं फडफडू लागलं. मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखा एखादा पंप असेल. तो गळत असेल तर वेळीच दुरुस्त करा, पण फडकं काठीवरून काढू नका. शेंग हिरवीगार दिसते, धुतली की चमकते. तिच्या पोटात काय आहे ते मला ठाऊक असतं, पण मला सांगता येत नाही. ते सांगायला फक्त फडकं आहे.