देणाऱ्याच्या हातानं

"सांगा की!" मी म्हणाले आणि लगेच जीभ चावली. मला बोलायची बंदी होती.

चहात साखर नव्हती. हॉटेलवाल्याला एवढंच सांगायचं होतं. पण आमचे हे, युवराज, चाळिशी उलटलेला बाप्या, कपात डोळे घालून बसलेले. कपाळावर घाम. शेवटी तो कडू चहा घोट घोट करून संपवला. असा संताप आला म्हणता!

सिरसाळ्यात आमचं विहिरीवरच्या पंपाच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायचं दुकान आहे. हे रस्त्याकडं पाठ करून तार गुंडाळत बसतात. गिऱ्हाईक, भाव, भांडणं सगळं माझ्याकडं. चार माणसांत गेलं की यांच्या तोंडाला कुलूप. लग्नात पंगत बसायच्या आत गायब. लोक म्हणत, मगरूर आहे. कुणी म्हणे, बाहेरचं आहे, गंडेदोरेही झाले. लग्न झाल्यापासून यांच्या वाट्याचं मीच बोलत आले. दमले बाई बोलून बोलून.

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या नणंदेचे, वनमालावन्संचे, मालक वारले. तेराव्याला माहेरच्या माणसानं बहिणीच्या अंगावर दुखवट्याचं लुगडं घालायचं, ही आमच्याकडची रीत. आईबाप नाहीत, हा एकुलता भाऊ. हे वन्संच्या सासरी, दिंद्रुडच्या वेशीपर्यंत आले, मांडवातली माणसं बघितली आणि पिशवी माझ्या हातात देऊन माघारी वळले. लुगडं मी नेलं. वन्संनी हातसुद्धा लावला नाही.

"माजं म्हायेर मेलंय का, सुनिता? देनाऱ्याच्या हातानं यिऊ दे."

तेव्हापासून ते लुगडं आमच्या पेटीत. हे मधूनच पेटी उघडायचे, बघायचे, पुन्हा लावायचे. ते मला बघवेना. मग मीच त्यांना बीडला मनाच्या डॉक्टर मॅडमकडं नेलं.

प्रियदर्शनी मॅडम वयानं अगदी पोरसवदा. त्यांनी यांना विचारलं, "माणसांत गेलं की काय होतं?"

"छातीत धडधडतंय, हात कापत्यात..." मी सुरू झाले.

"ताई, तुम्ही नाही. त्यांना सांगू द्या."

मग हे म्हणाले, "समदे माज्याकडंच बगत्यात, असं वाटतं. काय बोललो तर हसत्याल."

एवढी वर्षं संसार केला, पण हे मला माहीत नव्हतं. मी तिथंच रडले.

मॅडम म्हणाल्या, हा आजार आहे, मगरुरी नाही. सरावानं हळूहळू कमी होतो. दुकानात रस्त्याकडं तोंड करून बसायचं. एस्टीत तिकीट स्वतः मागायचं. आणि मी गप्प राहायचं. बीडच्या चकरा मारून जीव मेटाकुटीला आला. कधी जमायचं, कधी त्या चहासारखं फसायचं.

वर्षश्राद्धाला दिंद्रुडला गेलो. मांडव भरलेला. वन्सं भिंतीला टेकून बसलेल्या. हे पिशवी छातीशी धरून मधोमध उभे राहिले. पाठ केलेलं वाक्य काही निघेना. वन्संचे दीर मोहनराव माझ्याकडं वळले.

"वैनी, पावनं काय म्हनत्यात?"

सगळा मांडव माझ्याकडं बघू लागला. उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. देवा, बोलू दे यांना. नाहीतर हे घर कायमचं तुटलं.

यांनी लुगडं काढलं. वन्संच्या खांद्यावर टाकलं, तर एक टोक खाली मातीत पडलं.

"आक्का, मला मानसांचं भ्याव वाटतं," हे म्हणाले. "तुजं न्हाई."

कुणीतरी फिस्सकन हसलं. यांची मान खाली गेली, पण जागचे हलले नाहीत.

वन्संनी पडलेलं टोक उचललं आणि झटकलं. "मला वाटलं, मी नकोशी झाले रं," त्या म्हणाल्या आणि लहान पोरीसारख्या रडायला लागल्या.

पंगतीत हे एका कडेला बसले. मान वर केली नाही, दोन घास कसेबसे गेले. पण बसले. वाढता वाढता मोहनराव माझ्यापाशी थांबले.

"वैनी, आज तुमी लई गप?"

"दमले, भाऊजी," मी म्हणाले.