क्लिफ टॅटरसॉलचं मिनिट

ब्रॅकनशॉ रोव्हर्सच्या नव्या दालनात भिंतभर इतिहास लावलाय. काचेआड, वरून दिवे सोडून. तीनदा लीगचं विजेतेपद, चारदा कप, एकदा युरोपातली ती मोठी ट्रॉफी. सगळं खरं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती पहिल्या कपखाली लिहिलेल्या एका ओळीबद्दल. ओळ अशी: ‘अखेरच्या क्षणी चेंडू जाळ्यात गेला आणि कप ब्रॅकनशॉला आला.’

चेंडू जाळ्यात गेला! जसं काही चेंडूलाच वाटलं, चला, जरा आत जाऊन बसू.

चेंडू क्लिफ टॅटरसॉलनं मारला. गॅस स्ट्रीटचा क्लिफ, आमचा नऊ नंबर, म्हणजे गोल मारणारा गडी. लंडनच्या वेम्बली मैदानावर लाखभर माणसं बघत असताना, चिखलात घसरत, डाव्या पायानं. हे सगळ्या गावाला माहीत आहे. फक्त क्लबला माहीत नाही, कारण क्लबला ते माहीत करून घ्यायचं नाही.

का? तर त्या विजयानंतर स्टेशन हॉटेलात मेजवानी होती. वरच्या दालनात संचालक, त्यांच्या बायका, महापौर आणि मधोमध कप. खेळाडूंच्या आया आणि बायका मात्र खाली, मुदपाकखान्याशेजारच्या खोलीत. तेव्हा तशीच रीत होती म्हणे. क्लिफ सिगारेट ओढायला खाली उतरला आणि त्याला आपली आई दिसली, मांडीवर बशी घेऊन बाकावर बसलेली. तो परत वर गेला. कप उचलला, काखेत मारला, दुसऱ्या हाताने आईला धरलं आणि मागच्या दारानं सरळ गॅस स्ट्रीटवर. तिथल्या तळलेल्या माशांच्या दुकानात कप फळीवर ठेवला. गल्लीतल्या बायांनी हात पुसून पुसून तो कप धरला. पोरं त्यातून लिंबूपाणी प्यायली.

संचालकांनी पोलिस बोलावले. चोरी! ज्यानं जिंकला त्यानं चोरला!

खटला झाला नाही, नाहीतर गावानं हॉटेलाच्या काचा ठेवल्या नसत्या. पण क्लिफ पुन्हा रोव्हर्सकडून खेळला नाही, आणि दुसऱ्या कुणाकडूनही नाही. त्या काळी क्लबनं सोडल्याशिवाय खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. त्यांनी त्याला खेळवलंही नाही आणि सोडलंही नाही. ऐन उमेदीतला गडी गॅसच्या कारखान्यात कोळसा ओढायला लागला.

आणि तरी तो दर शनिवारी मैदानावर यायचा. दारावर तिकीट काढून, आमच्यात, पूर्वेच्या स्टँडात. पुढची चाळीस-पन्नास वर्षं त्यानं प्रत्येक नऊ नंबरला शिव्या दिल्या. “अरे गाढवा, चेंडू तिकडे आहे! तुझी आजी बरी खेळली असती!” त्या शिव्या ऐकतच मी वाढलो.

मागच्या महिन्यात तो गेला.

आमच्याकडे रीत अशी, की जुना खेळाडू गेला की पुढच्या सामन्याआधी मैदान मिनिटभर उभं राहतं. टोप्या काढायच्या, तोंडातून अवाक्षर नाही. राखीव संघात दोन सामने खेळलेल्यालाही ते मिनिट मिळतं. गेल्या वर्षी एका संचालकाच्या सासूलाही मिळालं. आम्ही उभे राहिलो. म्हातारीनं आयुष्यात चेंडूला पाय लावला नसेल, पण मेलेल्या माणसाशी भांडण कसलं?

क्लिफची मुलगी ग्लेनिस आमच्याच स्टँडखाली पाई आणि चहा विकते. आता तीही साठीकडे झुकलीय. तिला या खेळाचा मनस्वी राग. कारखान्याच्या धुरानं खोकणारा बाप आणि त्याला बघून झुरणारी आई, हेच तिनं फुटबॉलचं पाहिलं. इतकी वर्षं ती त्या खिडकीत उभी आहे, पण वर येऊन एकही सामना पाहिला नाही. “बावीस गाढवं आणि एक शिट्टी,” म्हणायची, “बघायचं काय त्यात?”

पण बापाचं ते मिनिट तिला हवं होतं. लॅशम साहेबाकडे ती एकटी जाणार होती. मीच म्हटलं, “मी येतो.” लॅशम म्हणजे लंडनच्या मालकांनी आमच्या डोक्यावर बसवलेला कारभारी. दात पांढरे, बूट टोकदार.

“तुमच्या वडिलांबद्दल आम्हाला आदर आहे,” लॅशम म्हणाला. “पण क्लबशी त्यांचे संबंध... जरा गुंतागुंतीचे होते.”

“कसली गुंतागुंत?” ग्लेनिस म्हणाली. “त्यांनी कप उचलला. कप उचलायलाच जिंकतात ना?”

“शनिवारचा सामना जगभर दाखवला जाणार आहे, बाई. आम्हाला जुने वाद उकरायचे नाहीत.”

“वाद तुम्ही उकरू नका. तोंड मिटून मिनिटभर उभे राहा. तेवढंही जमत नाही?”

लॅशमनं माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही त्यांना समजवा.”

“मी समजवायला नाही आलो,” मी म्हटलं. “साक्षीला आलोय.”

तो हसला. मग हळूच ग्लेनिसला म्हणाला, “शनिवारी खिडकी सोडू नका. गर्दी असेल. कामाचं बघा.” धमकी अशी द्यायची असते, लोणी लावून.

बाहेर आल्यावर ग्लेनिस रडली नाही. “लेन,” ती मला म्हणाली, “यांच्या परवानगीनंच गप्प राहता येतं का?”

तिथून सगळं सुरू झालं. पंचानं शिट्टी वाजवून मिनिट दिलं नाही तर आम्ही घेऊ. खेळ चालू असताना. नऊ नंबर, म्हणून नवव्या मिनिटाला. बाजारात, बसमध्ये, न्हाव्याकडे, दारूच्या गुत्त्यात, जो भेटेल त्याला सांगायचं. अवघड होता तो डेरेक. डेरेक म्हणजे आमच्या स्टँडचा घसा. गाणं तो सुरू करतो आणि हजारो माणसं मागून उचलतात. तो झोपेतही गप्प नसतो, असं त्याची बायको सांगते.

“मिनिटभर?” डेरेक म्हणाला. “लेन, माझा जीव जाईल.”

“जाऊ दे. मग तुझ्यासाठीही एक मिनिट मागू.”

दुसरी अडचण वेल्बरीची. शनिवारी सामना त्यांच्याशीच, आणि वेल्बरी आमचे पिढीजात वैरी. एका टोकाला त्यांची तीन हजार माणसं. आम्ही गप्प झालो की तेच आमच्या उरावर गाणार. सामन्याआधी डेरेक त्यांच्या गाड्या लागतात तिथे गेला आणि त्यांच्या म्होरक्यापुढे उभा राहिला.

“तुम्ही डुकरं आहात,” डेरेकनं सुरुवात केली. “पण आमचा एक माणूस मेलाय.”

“कोण?”

“टॅटरसॉल.”

त्या म्होरक्यानं मान डोलावली. “त्यानं आमच्यावर एकदा तीन मारले होते. माझा बाप मरेपर्यंत त्याला शिव्या घालत होता.” मग म्हणाला, “राहू उभे. बाकीचा वेळ मात्र तुमची आई-बहीण काढणार.”

“त्याला माझी हरकत नाही,” डेरेक म्हणाला.

शनिवारी स्टँड भरला. आमचा संघ तळाला, जिंकलाच तर लीगमध्ये टिकणार. सामना सुरू झाला आणि आठव्या मिनिटाला खालच्या खिडकीचा पत्रा धाडकन खाली आल्याचा आवाज झाला. रांगेतल्या लोकांनी आरडाओरडा केला. ग्लेनिस एप्रन न सोडताच जिने चढून वर आली. मैदानावर प्रकाश होता, हिरवं गवत होतं. ते ती पहिल्यांदा बघत होती. डेरेक आणि माझ्यामध्ये येऊन उभी राहिली.

नववं मिनिट लागलं. डेरेकनं टोपी काढली.

मी खूप शांतता ऐकल्यात, पण ही वेगळी होती. आधी आमचा स्टँड, मग समोरचा, मग दोन्ही टोकं. अठ्ठावीस हजार माणसं उठली आणि एकाएकी बुटाला चेंडू लागल्याचा आवाज ऐकू यायला लागला. खेळाडूंचं एकमेकांवर खेकसणं ऐकू यायला लागलं. वेल्बरीवालेही उभे होते, स्कार्फ हातात धरून. लॅशम वरच्या काचेच्या खोलीत होता. त्यानं काय केलं असेल? मोठ्या पडद्यावर अक्षरं झळकली: ‘आवाज करा!’ खाली टाळ्या पिटणाऱ्या हातांचं चित्र. कुणी आवाज केला नाही. पडदा एकटाच टाळ्या पिटत राहिला.

आणि तेवढ्यात रोकासच्या पायात चेंडू आला.

रोकास आमचा आताचा नऊ नंबर, लिथुआनियाचा. ऑगस्टपासून गोल नाही. क्लिफनं शेवटच्या शनिवारी त्यालाच ‘लाकडाचा ओंडका’ म्हटलं होतं. त्या ओंडक्यानं एकाला डावीकडे टाकलं, दुसऱ्याला उजवीकडे, आणि वीस हात अंतरावरून असा हाणला की गोलकीपर जागचा हलला नाही. जाळं फुगलं.

गोल. आणि चिडीचूप.

माझ्या नखांनी माझ्याच तळव्यातून रक्त काढलं. डेरेकनं टोपी तोंडात कोंबली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रोकास हात पसरून आमच्याकडे धावत आला आणि मधेच थबकला. हजारो माणसं समोर उभी आणि कुणी हूं की चूं करत नाही. त्यानं वळून लाइनमनकडे पाहिलं. झेंडा खालीच होता, म्हणजे गोल पक्का. पोराच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की जणू आपणच मेलोय आणि आपल्यालाच कुणी सांगितलेलं नाही.

“गोऽऽऽल! अरे गोल झाला! गाढवा, मारलास की रे!”

ग्लेनिस. एप्रन बांधलेली, दोन्ही मुठी वर, लालबुंद. अख्ख्या मैदानात एकच आवाज, आणि तो तिचा.

मग काय राहिलं असतं? छप्पर उडायचंच बाकी होतं. डेरेकनं मला उचललं, मी कुणाला तरी मिठी मारली, रोकास कुंपणावर चढला. ओसरल्यावर डेरेक ग्लेनिसकडे वळला, घोगऱ्या आवाजात.

“काय गं बाई! मी टोपी चावून खाल्ली, वेल्बरीची डुकरं गप्प राहिली, आणि तुझ्याच बापाचं मिनिट तूच मोडलंस?”

ग्लेनिसनं तोंडावर हात ठेवला. आपल्या तोंडून काय निघालं ते तिला आत्ता कळत होतं. वर काचेच्या खोलीत लॅशम हसताना दिसला. त्याला वाटलं, संपलं. तिनंही त्याला पाहिलं. हात खाली आला.

“मोडलं तर मोडलं,” ती म्हणाली. “पुन्हा करा.”

“काय?”

“पहिल्यापासून. अर्धं मिनिट नको मला. उरलेलंही नको. अख्खं पाहिजे.”

डेरेकनं माझ्याकडे पाहिलं. तो कठड्यावर चढला आणि त्याच्या त्या घशानं ओरडला, “ए! पहिल्यापासून! बाई म्हणतेय, पहिल्यापासून!” स्टँडभर हशा पिकला. रांगारांगांतून निरोप पुढे गेला, कोपरा वळून समोर पोचला. टोप्या पुन्हा निघाल्या. हसणं विझत विझत गेलं, आणि मैदान दुसऱ्यांदा गप्प झालं.

या वेळी चेंडू रेषेबाहेर गेला होता. थ्रो वेल्बरीचा होता. त्यांच्या खेळाडूनं चेंडू उचलला, आपल्या लोकांकडे पाहिलं, आणि तो काखेत धरून तसाच उभा राहिला. मग एकेक करून सगळे थांबले. पंचानं शिट्टी ओठांना लावली आणि खाली घेतली. पडद्यावर ‘आवाज करा!’ चालूच होतं. कुणीतरी ते बंद केलं.

मिनिट झालं असावं. डेरेक गाण्यासाठी छाती भरून घेत होता. ग्लेनिसनं त्याची बाही धरली.

“अजून नाही.”

आम्ही थांबलो. पंचही थांबला. किती वेळ गेला कुणास ठाऊक, तिनं मोजलं नाही, आम्हीही नाही. ती गवताकडे बघत होती, जिथून तिच्या बापाला हाकललं होतं.

“हं,” ती म्हणाली आणि बाही सोडली. “आता घ्या नाव.”

आणि अठ्ठावीस हजार गळ्यांनी नाव घेतलं, वेल्बरीच्या तीन हजारांसकट. काचा थरथरल्या म्हणतात, मला माहीत नाही, मी ओरडत होतो. एवढं माहीत आहे की सामना जगभर दाखवला जात होता.

सामना आम्ही तीन-एकनं हरलो. हे सांगायला मला तिळमात्र लाज वाटत नाही.